जुना संगणक, नवी प्रणाली आणि आपला खिसा

(संस्थेच्या रविवारच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



ह्या व्यासपीठावरून आजवर मोठमोठ्या विद्वानांची भाषणे झाली. आम्ही बँकेत कारकून आहोत, आणि आमच्या नावापुढे जी बी.ए. ही पदवी लागते ती मराठी साहित्य घेऊन मिळवलेली आहे. संगणकाचे शास्त्र आम्ही कोणत्याही वर्गात शिकलो नाही. तरीही कार्यकारिणीने हा विषय आमच्याकडे सोपवला, त्याचे कारण एवढेच की घरचा जुना संगणक आम्ही स्वतः उघडला, बिघडवला आणि पुन्हा चालू केला. शिवाय ऑक्टोबर २०२५ पासून आपल्या वस्तीतील अनेक कुटुंबे एकच प्रश्न घेऊन आमच्या दारी येत आहेत. प्रश्न असा : "साहेब, विंडोज टेन बंद झाली म्हणतात. आता नवीन मशीन घ्यावे लागेल का?"

ह्याचे उत्तर बहुतेक वेळा "नाही" असे आहे. ते कसे, हे सांगण्यासाठी आम्ही उभे आहोत.

प्रथम आमची स्वतःची कहाणी सांगतो. २०१३ च्या दिवाळीत आम्ही एका दुकानातून असेंबल्ड संगणक घेतला. इंटेलचा तिसऱ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क. दुकानदाराने त्यात विंडोज सेव्हन टाकून दिली. परवान्याचे पैसे बिलात नव्हते, ते का नव्हते हे आम्ही विचारलेही नाही. पुढे कळले की ती चोरीची प्रत होती. दर रविवारी दुसरे शील ग्रहण करावयाचे आणि घरी येऊन न दिलेल्या वस्तूवर बसून मुलीचे प्रकल्प छापावयाचे, असे आमचे दहा वर्षे चालले होते. हे कबूल करताना आम्हांस संकोच वाटतो, परंतु हात वर करावयास सांगितले तर ह्या सभागृहात आम्ही एकटे नसू.

२०२४ साली कन्या दहावी उत्तीर्ण झाली आणि शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याची वेळ आली. संकेतस्थळ उघडेना. पान अर्धवट दिसे, पुढचे बटण दाबले की काहीच होत नसे. दोष संकेतस्थळाचा नव्हता. विंडोज सेव्हनचे समर्थन मायक्रोसॉफ्टने १४ जानेवारी २०२० रोजी थांबवले होते, आणि गूगलनेही २०२३ च्या आरंभी विंडोज सेव्हनसाठी क्रोम ब्राउझरच्या नव्या आवृत्त्या देणे बंद केले. यंत्र तेच होते, वीज तीच होती, पण बाहेरचे जग पुढे गेल्यामुळे आमची खिडकी बंद झाली होती. मुदत संपावयास चार दिवस होते. अर्ज शेवटी सायबर कॅफेत भरला.

तद्नंतर आम्ही दुकानात गेलो. तेथील मुलाने कॅबिनेट उघडूनही पाहिले नाही. म्हणाला, "साहेब, हे भंगार झालं. नवीन घ्या, चाळीस हजारांत बसेल, हप्ते करून देतो." आता हप्ते म्हटल्यावर कारकुनाचा हात आपोआप कॅल्क्युलेटरकडे जातो. ४०,००० रुपये, १४ टक्के दर, २४ हप्ते : दरमहा सुमारे १,९२० रुपये आणि एकूण परतफेड ४६,००० च्या वर. कोणी "शून्य टक्के" म्हणाले तर समजावे की रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सवलत बहुधा आपल्याला मिळत नाही किंवा प्रक्रिया शुल्क वेगळे आहे. बँकेच्या काउंटरवर आम्ही रोज पाहतो, ज्या घरात मुलीच्या कॉलेजची फी, आईचे औषध आणि घरभाडे एकाच पगारातून जाते त्या घरात १,९२० रुपये ही लहान रक्कम नसते. म्हणून "भंगार" ह्या शब्दाची तपासणी केल्याशिवाय सही करावयाची नाही असे आम्ही ठरवले.

तपासणी म्हणजे काय, ते बँकेच्या भाषेत सांगतो. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे शाखेचा व्यवस्थापक. कोणता प्रोग्राम कोणत्या टेबलावर बसेल, कोणती फाइल कोणत्या कपाटात जाईल, प्रिंटर कोणाला मिळेल, हे तो ठरवतो. रॅम म्हणजे काउंटरवरील टेबल. हार्ड डिस्क म्हणजे तळघरातील रेकॉर्ड रूम. टेबल लहान असेल तर कारकुनाला दर दोन मिनिटांनी एक रजिस्टर खाली ठेवून दुसरे वर आणावे लागते, आणि रांग वाढत जाते. ४ जीबी रॅमवर आजचा ब्राउझर आठ-दहा पाने उघडून बसला की संगणकाचे हेच होते. त्यातून रेकॉर्ड रूम जर जुन्या पद्धतीची असेल तर आणखी वेळ. जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी मिनिटाला ७,२०० वेळा, म्हणजे सेकंदाला १२० वेळा फिरते. हवी ती जागा सुईखाली येण्यासाठी सरासरी अर्धा फेरा, म्हणजे चार मिलीसेकंद थांबावे लागते, आणि सुई सरकण्याचा वेळ निराळा. संगणक सुरू होताना अशा हजारो फेऱ्या पडतात. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नाही. तेथे तेच काम मिलीसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास होते.

म्हणजे आमच्या यंत्रात तीन निरनिराळी दुखणी होती : टेबल लहान, रेकॉर्ड रूम संथ, आणि व्यवस्थापक सेवानिवृत्त. प्रोसेसर मात्र धडधाकट होता. त्याला भंगार म्हणणे म्हणजे शाखेचा फॅन बंद पडला म्हणून इमारत विकण्यासारखे झाले.

व्यवस्थापक बदलावयाचा म्हटल्यावर आमच्यासमोर दोन वाटा होत्या. एक, विंडोजची नवी आवृत्ती. २०१५-१६ मध्ये मायक्रोसॉफ्टने सेव्हनवाल्यांना विंडोज टेन एक वर्ष मोफत दिली होती, पण ती परवाना असणाऱ्यांना. विंडोज इलेव्हन ऑक्टोबर २०२१ मध्ये आली. तिला ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा पुरते असे कागदावर लिहिलेले आहे, परंतु खरी अडचण निराळी : टीपीएम २.० नावाची सुरक्षेची चिप आणि, इंटेलच्या बाबतीत, साधारणतः आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. आमचा तिसऱ्या पिढीचा. दार बंद.

दुसरी वाट लिनक्सची. १९९१ साली फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठाच्या लिनस टॉरवाल्ड्स ह्या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने आपल्या घरच्या संगणकासाठी प्रणालीचा गाभा लिहावयास घेतला. त्याच्या आधी, १९८३ पासून, अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी अशा प्रणालीचे बाकीचे भाग मोकळे करण्याचे काम आरंभले होते. दोन्ही एकत्र आले. ही प्रणाली कोणीही घ्यावी, वापरावी, तिची प्रत दुसऱ्यास द्यावी, असे तिच्या परवान्यातच लिहिलेले आहे. दुसऱ्या शीलाचा आमचा संकोच येथे मिटला, कारण ही वस्तू दिलेली आहे. आपल्याकडे केरळच्या सरकारी शाळांतून कित्येक वर्षे ह्याच प्रणालीवर मुले शिकत आहेत, आणि पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने 'बॉस' नावाची भारतीय आवृत्ती २००७ मध्ये काढली. तेव्हा हे काही हौशी मुलांचे खूळ नव्हे.

लिनक्सच्या पुष्कळ आवृत्त्या आहेत आणि नवख्या माणसाचा तेथेच गोंधळ होतो. आम्ही लिनक्स मिंट घेतली, तीही 'एक्सएफसीई' ह्या हलक्या स्वरूपातली. तिची मांडणी विंडोज सेव्हनसारखीच, खाली पट्टी, डावीकडे मेनू. २ जीबी रॅमवर ती चालते, ४ असल्यास बरे. २०२४ च्या जुलैमध्ये आलेल्या बावीसाव्या आवृत्तीला २०२९ पर्यंत सुरक्षेची अद्ययावतता मिळणार आहे. तिची फाइल सुमारे ३ जीबीची. ती उतरवून घ्यावयाची, 'एचर' किंवा 'रुफस' ह्या मोफत प्रोग्रामने पेनड्राइव्हवर चढवावयाची, आणि संगणक त्या पेनड्राइव्हवरून सुरू करावयाचा. पेनड्राइव्हवर आधीचे जे असेल ते पुसले जाते, हे लक्षात असू द्यावे. सुरू होताना एफ-१२, एफ-११, एफ-८ ह्यांपैकी कोणती तरी कळ दाबावी लागते. प्रत्येक मदरबोर्डचा हट्ट वेगळा.

ह्यातली सर्वांत चांगली सोय अशी की काहीही न पुसता, केवळ पेनड्राइव्हवरून ती प्रणाली चालवून पाहता येते. आवाज येतो का, वायफाय लागते का, प्रिंटर ओळखतो का, हे सर्व आधी पाहावे. आवडले नाही तर पेनड्राइव्ह काढून घ्यावा, घर जसेच्या तसे. आम्ही हे तासभर करून पाहिले आणि समाधान पावलो. इथपर्यंत सर्व ठीक होते.

आता आमची चूक सांगतो, आणि ती जरा विस्ताराने सांगतो, कारण ह्या भाषणातून एवढे एकच आपल्या स्मरणात राहिले तरी आमचे येणे वसूल झाले. आमच्या संगणकात 'सी' आणि 'डी' असे दोन ड्राइव्ह दिसत. आमची अनेक वर्षांची समजूत अशी की सी मध्ये विंडोज आणि डी मध्ये आपले सामान, म्हणजे ती दोन वेगळी कपाटे. म्हणून नवी प्रणाली बसवताना पडद्यावर "डिस्क पुसून मिंट बसवा" असा पर्याय आला तेव्हा आम्ही निःशंक मनाने होकार दिला. विंडोज पुसली जाईल, डी शाबूत राहील. प्रत्यक्षात कपाट एकच होते, मध्ये फळी मारलेली. वीस मिनिटांत नवी प्रणाली झोकात सुरू झाली आणि कन्येने विचारले, "पप्पा, फोटो कुठे गेले?"

तिच्या बालवाडीपासून पाचवीपर्यंतचे फोटो त्या डी ड्राइव्हमध्ये होते. पत्नी काही बोलली नाही. न बोलणे किती लांब चालू शकते हे आम्हांला त्या आठवड्यात कळले.

पुसलेल्या गोष्टी काही प्रमाणात परत मिळतात. फोटोरेक नावाचा मोफत प्रोग्राम डिस्कचा कोपरा न् कोपरा चाळून फोटो ओळखतो. त्यासाठी अट अशी की चूक लक्षात येताच संगणक बंद करावा, त्या डिस्कवर नवे काहीही लिहू नये. आम्हांला हे ठाऊक नव्हते. आम्ही तीन दिवस तोच संगणक वापरत राहिलो आणि जुन्या फोटोंच्या जागेवर नवे सामान रचत गेलो. शेवटी निम्म्याच्या आसपास फोटो निघाले, पण नावे आणि तारखा गेल्या. हजारो फोटो, सगळ्यांना नुसते आकडे. कोणता वाढदिवस कितवा, हे आता पाठीमागच्या भिंतीच्या रंगावरून ठरवावे लागते.

त्याच डी ड्राइव्हमध्ये आणखी एक वस्तू होती. आमचे वडील, ज्यांना आम्ही दादा म्हणत असू, मुंबईच्या कापड गिरणीत बदली कामगार म्हणून लागले आणि पुढे कायम झाले. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा आम्ही अगदी लहान होतो. त्या काळात घर कसे चालले, कोणाकडून ज्वारी उसनी आणली, आईने कोणत्या घरी भांडी घासली, हे सर्व दादांनी निवृत्तीनंतर दोनशे पानी वहीत लिहून काढले. आमच्या पुतणीने, जी तेव्हा डीटीपीचे काम करी, ती वही २००९ मध्ये टाइप करून दिली. साठ पाने झाली. मूळ वही २०१७ च्या पावसात भिजली व वाळवीने खाल्ली. म्हणजे दादांच्या आयुष्याची एकच प्रत उरली होती आणि ती आम्ही एका होकारात पुसून टाकली होती.

सुदैवाने पुतणीच्या जुन्या ईमेलमध्ये फाइल सापडली. उघडली, आणि दिसले ते असे की जणू कोणी इंग्रजी अक्षरे, चिन्हे आणि फुल्या मूठभर फेकल्या आहेत. एकही मराठी अक्षर नाही. आम्ही लिनक्सला शिव्या घातल्या. लिनक्सचा दोष नव्हता. १९९० च्या दशकात आणि त्यापुढेही आपल्याकडे मराठी टंकन ज्या फॉन्टमध्ये होई त्यांत संगणकाच्या लेखी सर्व अक्षरे इंग्रजीच असत. इंग्रजी अक्षराच्या जागी 'क' चे चित्र बसवलेले, एवढाच तो प्रकार. फॉन्ट आहे तोवर मराठी दिसते, फॉन्ट गेला की बुरखा गळून पडतो. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, आणि ही सोय युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासूनची आहे. तरीही आपल्या संस्थांची कितीतरी इतिवृत्ते, पत्रिका आणि स्मरणिकांचा मजकूर जुन्या फॉन्टमध्ये अडकून पडलेला असेल. ज्यांच्याकडे अशा सीडी आहेत त्यांनी हे विशेष लक्षात घ्यावे.

जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये मजकूर आणणारे परिवर्तक मोफत मिळतात, मात्र ज्या त्या फॉन्टचा परिवर्तक वेगळा. पुतणीला फॉन्टचे नाव आठवत होते म्हणून काम झाले. परिवर्तन शंभर टक्के शुद्ध होत नाही. पहिली वेलांटी जुन्या फॉन्टमध्ये अक्षराच्या आधी टाइप होई, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवली जाते, त्यामुळे ती शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. रफार तर हमखास चुकतो. आम्ही महिनाभर, जेवण झाल्यावर रोज दोन पाने, अशी ती साठ पाने दुरुस्त केली. संपाच्या काळात आई आमच्यासाठी दूध आणी आणि स्वतः कोरा चहा घेई, हे वाक्य आम्ही पूर्वी कधी वाचलेच नव्हते. फाइल होती म्हणून वाचण्याची घाई नव्हती. आता त्या साठ पानांच्या तीन प्रती आहेत : एक संगणकात, एक पेनड्राइव्हवर, एक पुतणीकडे. शिवाय एक छापील.

म्हणून क्रम असा ठेवावा. सर्वांत आधी आपले सामान बाहेरच्या डिस्कवर किंवा पेनड्राइव्हवर उतरवावे आणि ते दुसऱ्या संगणकावर उघडून पाहावे. उतरवले म्हणजे उतरले असे होत नाही, उघडले पाहिजे. त्यानंतर नवी एसएसडी घ्यावी, जुनी हार्ड डिस्क केबल काढून कपाटात ठेवावी आणि नवी प्रणाली एसएसडीवर बसवावी. जुनी डिस्क जागेवर नसेल तर ती चुकून पुसली जाणारच नाही. आम्ही पहिल्या वेळी दीड हजार वाचवावयास गेलो, त्याची ही किंमत.

खर्चाचा हिशेब आम्ही जपून ठेवला आहे. ग्रँट रोड स्टेशनवरून लॅमिंग्टन रोडला गेलो, ज्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे आणि जे तेथील दुकानदारालाही सांगावे लागते. २५६ जीबीची एसएसडी १,६५० रुपये, ४ जीबीची वापरलेली रॅम ५००, पेनड्राइव्ह २८०, प्रोसेसरवर लावावयाची पेस्ट १२०, साटा केबल ६०, मदरबोर्डची गोल बॅटरी ४०. एकूण २,६५० रुपये. हे २०२४ चे भाव. २०२५ च्या अखेरीपासून रॅम व एसएसडी दोन्ही महागल्या आहेत, तेव्हा दोन-तीन ठिकाणी विचारून घ्यावे. रॅम घेताना जुनी पट्टी खिशात घालून न्यावी. डीडीआर-३ आणि डीडीआर-४ ह्यांची खाच वेगळ्या जागी असते, एक दुसऱ्यात बसत नाही, आणि लॅपटॉपची पट्टी आखूड असते.

त्या ४० रुपयांच्या बॅटरीविषयी दोन शब्द. ती संपली की संगणक तारीख विसरतो आणि काही वर्षे मागे जातो. संकेतस्थळांच्या सुरक्षा-प्रमाणपत्रांना तारीख असते. संगणकाच्या लेखी ती प्रमाणपत्रे अजून सुरूच झालेली नसतात, म्हणून "हे स्थळ सुरक्षित नाही" असा संदेश येतो. वस्तीतील एका बाईंना ह्याच कारणासाठी नवा संगणक घ्या असे सांगण्यात आले होते. त्या नाण्याएवढ्या बॅटरीवर 'सीआर २०३२' असे लिहिलेले असते.

सर्व बसवल्यावर आमचा संगणक, ज्याला पूर्वी सुरू होण्यास चार मिनिटे लागत, अर्ध्या मिनिटात सुरू होऊ लागला. बारावीच्या प्रवेशपत्रापासून सीईटीच्या अर्जापर्यंत कन्येची सर्व कामे त्यावर झाली. मराठीसाठी कळफलकाच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी निवडले की इनस्क्रिप्ट मिळतो. मेनू मात्र सगळे मराठीत होत नाहीत, काही इंग्रजीच राहतात. लिखाणासाठी लिबर ऑफिस आधीच बसवलेले येते.

आता ज्यांच्याकडे विंडोज टेन आहे त्यांच्याविषयी. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी तिचे सर्वसाधारण समर्थन संपले. ह्याचा अर्थ त्या रात्री संगणक बंद पडले असा नव्हे. दारे-खिडक्या दुरुस्त करणारा सुतार यावयाचा थांबला, एवढाच त्याचा अर्थ. पण त्याचे गांभीर्य कमी मानू नये. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' नावाच्या विषाणूने जगभरचे संगणक कुलूपबंद करून खंडणी मागितली. त्या छिद्राची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधीच दिली होती, ज्यांनी ती घेतली नव्हती किंवा ज्यांच्या जुन्या प्रणालीला ती मिळत नव्हती ते सापडले. बँकांची एटीएम यंत्रेसुद्धा विंडोज एक्सपीवर चालत, तिचे समर्थन एप्रिल २०१४ मध्ये संपले असतानाही. शेवटी जून २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेने परिपत्रक काढून जून २०१९ पर्यंत सर्व यंत्रे टप्प्याटप्प्याने बदलावयास लावली. बँकांना जर ढकलावे लागते तर आपण घरी आळस केला ह्यात नवल नाही.

अशा मंडळींनी प्रथम आपला प्रोसेसर पाहावा. सेटिंगमध्ये 'सिस्टिम' आणि त्यात 'अबाउट' उघडले की नाव दिसते. आय-फाइव्हच्या पुढे ८४०० असेल तर आठवी पिढी, ३४७० असेल तर तिसरी, १०४०० असेल तर दहावी. आठवी किंवा पुढची असल्यास, आणि विंडोज टेन अस्सल असल्यास, इलेव्हन मोफत मिळते. पुष्कळदा संगणक "पात्र नाही" म्हणतो, कारण टीपीएम असूनही बायोसमध्ये ते बंद ठेवलेले असते. इंटेलच्या यंत्रात ते 'पीटीटी' आणि एएमडीच्या यंत्रात 'एफटीपीएम' ह्या नावाने सापडते. ते चालू करून पुन्हा पाहावे. एका सभासदाचा बावीस हजारांचा लॅपटॉप ह्या एका खटक्याने वाचला.

ज्यांचा प्रोसेसर जुना आहे त्यांना मायक्रोसॉफ्टने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेची वाढीव मुदत देऊ केली. संगणकाच्या सेटिंगची नोंद आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडल्यास ती विनामूल्य, नाही तर ३० डॉलर. ही मुदत म्हणजे कर्जाचे पुनर्गठन समजावे, माफी नव्हे. तेवढ्या काळात लिनक्सची सवय करून घेता येते. नियम चुकवून जुन्या यंत्रावर इलेव्हन बसवण्याच्या युक्त्या मुलांना ठाऊक असतात. अशा यंत्राला पुढील अद्ययावतता मिळेलच अशी हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, तेव्हा घरातील एकुलत्या एका संगणकावर तो प्रयोग करू नये. आणि तीन-चारशे रुपयांत विंडोजची 'चावी' विकणाऱ्यांपासून दूर राहावे. त्या चाव्या बहुधा दुसऱ्या कोणासाठी काढलेल्या असतात आणि केव्हाही बाद होतात.

लिनक्सची दुसरी बाजू सांगितली नाही तर आम्ही दलाल ठरू. टॅली तिच्यावर सरळ चालत नाही. फोटोशॉप, कोरल ड्रॉ नाही. डिजिटल सहीची डोंगळे त्रास देतात. आमचा लेझर प्रिंटर स्वस्तातला, त्याने दीड दिवस घेतला. सरकारी टायपिंग परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपल्या केंद्रात कोणती प्रणाली आहे ते आधी विचारावे आणि सराव तीवरच करावा. ज्यांचा व्यवसायच अशा प्रोग्रामवर आहे त्यांनी पैसे साठवून नवे यंत्र घ्यावे, आमची ना नाही. पण अर्ज, अभ्यास, व्हिडिओ, ईमेल आणि लिखाण ह्यांसाठी चाळीस हजारांचे कर्ज आम्ही कोणालाही काढू देणार नाही. आणि फार जुनी, ३२-बिटची यंत्रे असतील तर त्यांच्यामागे वेळ घालवू नये. बहुतेक मोठ्या लिनक्स आवृत्त्यांनीही त्यांची साथ सोडली आहे.

जाता जाता एक बँकेतली गोष्ट. एक निवृत्त गृहस्थ काउंटरवर आले, हात थरथरत होते. त्यांना फोन आला होता की "तुमची विंडोज संपली आहे, आम्ही दुरुस्त करून देतो." त्यांनी सांगितलेले अॅप उतरवले, पडदा समोरच्याच्या ताब्यात गेला, आणि बचत खात्यातून पैसे गेले. विंडोज संपल्याचा फोन कोणतीही कंपनी घरी करीत नाही. असे घडल्यास १९३० ह्या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा. पहिल्या तासात केलेल्या तक्रारीत रक्कम अडवली जाण्याची शक्यता अधिक असते. ते गृहस्थ दुसऱ्या दिवशी आले होते.

अभ्यासिकेच्या कपाटात मिंटचे दोन पेनड्राइव्ह, एक छोटा स्क्रू ड्रायव्हर आणि सामान उतरवण्यासाठी १ टीबीची एक बाहेरची डिस्क ठेवलेली आहे. ग्रंथपालांकडे नोंद करून ती आठ दिवसांसाठी नेता येते. महिन्याच्या दुसऱ्या रविवारी वंदनेनंतर आम्ही व अभ्यासिकेतील दोन विद्यार्थी येथे बसतो. कॅबिनेट घेऊन यावे, मॉनिटर आणण्याची गरज नाही, तो येथे आहे. ज्यांच्याकडे संस्थेच्या जुन्या कार्यक्रमांच्या सीडी असतील त्यांनी त्याही आणाव्यात, आणि त्या कोणत्या फॉन्टमध्ये आहेत हे टाइप करणाऱ्या व्यक्तीला आजच फोन करून विचारून ठेवावे.